प्रश्नचिन्ह गळालं कुठं?

मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरात एका चर्चेला बसलो होतो. दवाखान्यांतले केस पेपर, डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफीचे रिपोर्ट, सिस्टरांच्या नोंदी हा सगळा मजकूर संगणकाला वाचायला द्यावा का, आणि त्यातून आजार, औषधं, तपासण्या अशी माहिती काढून घ्यावी का, असा विषय होता. एका बाजूचं म्हणणं, संगणक एकदा कागद वाचायला लागला की मराठवाड्याच्या आरोग्याचे निम्मे प्रश्न सुटले. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, हे म्हणजे गोरगरिबांची दुखणी बाजारात मांडणं. आवाज चढले, एकमेकांच्या हेतूंवर बोट ठेवून झालं. पण दोन तासांत कुणीही एखादा केस पेपर समोर धरून त्यातली एक ओळ वाचून दाखवली नाही. कागदावर नेमकं काय लिहिलेलं असतं आणि ते वाचायचं म्हणजे काय करायचं, हे बाजूलाच राहिलं. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. संगणकाला हे कागद वाचू द्यावेत. मराठवाड्यात तर द्यायलाच हवेत, कारण आज ते कुणीच वाचत नाही. पण काढलेली प्रत्येक गोष्ट ज्या ओळीतून काढली, ती मूळ ओळ तिच्यासोबत राहिली पाहिजे. त्या ओळीतला नकार, त्यातली शंका, ते कोण बोललं, हे सगळं तसंच्या तसं राहिलं पाहिजे. ही अट पाळली जाणार नसेल तर मी विरोध करणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहीन.

ही अट मला माझ्या मावशीच्या कागदावरून सुचली. मावशी गेवराई तालुक्यातली. काही वर्षांपूर्वी तिच्या पोटात सारखं दुखायचं, संध्याकाळी अंग गरम व्हायचं. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी कागदावर लिहिलं, '? कॉक्स अॅब्डोमेन'. आधीचं प्रश्नचिन्ह म्हणजे नुसती शंका, आणि कॉक्स म्हणजे टीबी. १८८२ मध्ये टीबीचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या नावावरून हा शब्द आला. रुग्णासमोर टीबी म्हणायला नको म्हणून आपले डॉक्टर तो वापरतात. पुढं तपासण्या झाल्या, टीबी निघाला नाही, आतड्याची सूज होती, ती औषधानं उतरली. मावशी बरी होऊन घरी आली. पण कार्डाची माहिती संगणकात चढवताना 'निदान' या रकान्यात नुसतं 'कॉक्स' पडलं. दोन वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी जुनी छापील समरी पाहून विचारलं, "आजी, टीबीचा कोर्स पुरा केला होता ना?" सोबत सून होती. त्या रात्रीपासून मावशीचं ताट वेगळं झालं. मला फोन करून ती म्हणाली, "लेकरा, मला कवा झाला होता रे टीबी?" मूळ कागद हातात घेऊन पाहिला तर निळ्या शाईतलं प्रश्नचिन्ह ठसठशीत होतं. हाताएवढ्या अंतरावर, फक्त एका रकान्यापलीकडं, ते गळालं होतं.

हे यंत्रानं केलं नव्हतं, माणसानं केलं होतं. तो माणूस कुठल्या परिस्थितीत बसलेला असतो हेही मला ठाऊक आहे. मी स्वतः तीन वर्षं दुसऱ्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोंदी चढवायचं काम केलेलं आहे. दिवसाला दीडशे-दोनशे इनडोअर पेपर, म्हणजे दाखल रुग्णांचे कागद. निदानाला एकच रकाना, आणि त्यात अक्षरांशिवाय दुसरं चिन्ह टाकलं की नोंद पुढं सरकायची नाही. मी कितीतरी प्रश्नचिन्हं अशी सोडून दिली. कुणाच्या घरात त्यातून काय झालं असेल, हा विचार मावशीचा फोन येईपर्यंत कधी मनात आला नव्हता. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की संगणक आला तर मजकुराचा अर्थ हरवेल, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, आज तो कुठं शाबूत आहे?

खरं तर माहिती 'काढणं' त्याच्याही आधी सुरू होतं. पहिली काढणी डॉक्टरच्या पेनातून होते. परळीकडची बाई सांगते, "अंगावरून वारं गेलं." डॉक्टर इथलाच असेल तर पक्षाघात समजून घेतो. नवखा हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर असेल, बाहेरून आलेला, तर तो वारं सरलं असं समजू शकतो, आणि पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या बाबतीत वारं सरणं ही चांगली खूण म्हणून रोज लिहिली जाते. दोन अर्थांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. "जीव घाबरतोय" याचं कुणी छातीतली धडधड करतं, कुणी चिंता, कुणी काहीच लिहीत नाही. "कसनुसं होतंय" याला तर इंग्रजीत घरच नाही. "पोटात गोळा उठतो", "अंगावरून पांढरं जातं", "हातपाय गळाल्यासारखे झाले" ही सगळी वाक्यं ओपीडीच्या दोन मिनिटांत दोन इंग्रजी अक्षरांची होतात. रुग्णाचा आवाज यंत्र दाबेल ही भीती खरी आहे, पण जो आवाज दबायचा तो बराचसा आधीच दबलेला असतो. उरलासुरला कागदावर सांडलेला असतो. तो तरी कुणी वाचतो का?

न वाचल्याचं सगळ्यात दुखरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जातात, हे २०१९ मध्ये सगळ्या देशाला कळलं. शासनानं समिती नेमली, घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ बायकांना विचारलं, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. मला या आकड्याइतकाच तो मिळवण्याचा मार्ग अस्वस्थ करतो. या प्रत्येक ऑपरेशनचा कुठं ना कुठं कागद झालेला होता. वय लिहिलेलं होतं, तक्रार लिहिलेली होती, सोनोग्राफीत काय दिसलं ते लिहिलेलं होतं, ऑपरेशन का केलं याचं एक वाक्य तरी होतं. तिशीतल्या बाईची पिशवी 'पोटात दुखतं, अंगावरून जातं' एवढ्यावर काढली का, हे त्या कागदांवरून समजण्यासारखं होतं. हे कागद वर्षानुवर्षं कपाटांत होते. एकत्र वाचले कुणीच नाहीत. शेवटी बायकांच्या दारात जाऊन त्यांनाच पुन्हा विचारावं लागलं. जे कागदानं सांगून ठेवलं होतं ते वाचायला आपल्याकडं माणसं नव्हती, आणि एवढी माणसं कधी मिळणारही नाहीत.

यावर एक चांगला आक्षेप येतो. मोकळा मजकूर वाचायची उठाठेव करण्यापेक्षा डॉक्टरांना फॉर्म द्या, रकाने द्या, खुणा करू द्या, म्हणजे काढायचं कामच उरणार नाही. हे म्हणणं हलकं नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स वीड या डॉक्टरनं १९६८ मध्ये केस पेपरला शिस्त लावण्याचा आग्रह धरला तो याच पोटतिडिकीतून. रुग्णाच्या समस्यांची यादी करा, प्रत्येक समस्येखाली रुग्ण काय म्हणतो, तपासणीत काय आढळलं, तुमचं मत काय, पुढं काय करायचं, हे वेगवेगळं लिहा, असं त्याचं सांगणं होतं. आज जगभरचे विद्यार्थी तसंच शिकतात. त्याचा आणखी एक आग्रह लोक विसरतात. समस्येच्या यादीत तर्क घालू नका, जेवढं कळलंय तेवढंच लिहा. पोटदुखीचं कारण कळलं नसेल तर 'पोटदुखी' एवढंच लिहा. मावशीच्या बाबतीत हे पाळलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

तरीही सगळं फॉर्मात कोंबायला माझा विरोध आहे. फॉर्मात तेवढंच मावतं जेवढं फॉर्म करणाऱ्याला आधी सुचलं. ऊसतोड बाईच्या कुठल्या फॉर्मात 'उचल' हा रकाना असणार? 'खाडा' कुठं लिहिणार? मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत जोडप्यानं, म्हणजे कोयत्यानं, फडात राबायचं. बाई एक दिवस दुखण्यानं बसली तर खाडा धरायचा आणि पैसे कापायचे. पाळीच्या त्रासापायी पिशवीच काढून टाकायचा निर्णय या हिशेबातून होतो. एखाद्या सिस्टरनं किंवा आशाताईनं आपल्या वहीत सहज लिहिलेलं असतं, 'खाडा पडतो म्हणून ऑपरेशन करा म्हणते'. मोकळ्या ओळीतच ते सापडतं. शिवाय दीडशेची ओपीडी काढणाऱ्या डॉक्टरपुढं चाळीस खुणांचा पडदा ठेवला, तर तो रुग्णाच्या तोंडाकडं बघायचं सोडून पडद्याकडं बघेल. नाहीतर सगळ्या रकान्यांत 'नॉर्मल' ठोकून मोकळा होईल.

मोकळ्या गोष्टीत किती ताकद असते हे आपल्या देशानं जगाला दाखवून दिलेलं आहे. मिलियन डेथ स्टडी या मोठ्या अभ्यासात घराघरांतल्या मृत्यूंची चौकशी करायला डॉक्टर नसलेले कार्यकर्ते गेले. त्यांनी घरच्यांचं ऐकून स्थानिक भाषेत अर्ध्या पानाची हकीकत लिहिली. मग दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता ती हकीकत वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. २०११ मध्ये त्यातून आलेला सर्पदंशाचा आकडा असा: २००५ या एका वर्षात देशात अंदाजे ४५,९०० माणसं साप चावून गेली. रुग्णालयांतून येणारे अधिकृत आकडे याच्या पासंगालाही पुरत नव्हते, कारण बहुतेक माणसं रुग्णालयापर्यंत पोचलीच नव्हती. एवढं मोठं सत्य कुठल्या यंत्रातून आलं नाही. कुणीतरी मराठीत, तेलुगूत, हिंदीत लिहिलेल्या अर्ध्या पानांतून आलं. पण ती पानं वाचायला डॉक्टरांची फौज लागली. तालुक्याच्या पातळीवर दरवर्षी अशी फौज कुठून आणायची? हा प्रश्न आला की मला संगणक हवा वाटतो.

आता यंत्राच्या चुकांकडं येतो. विरोधकांचं इथलं म्हणणं मला मान्य आहे, किंबहुना ते जेवढं सांगतात त्याहून अवस्था अवघड आहे. डॉक्टरी मजकुरात 'नाही' फार असतं. ताप नाही, उलटी नाही, कावीळ नाही. संगणकानं नुसता शब्द उचलला तर निरोगी माणूस दहा आजारांचा धनी होतो. २००१ मध्ये वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय काढला. इंग्रजीतल्या नकारदर्शक शब्दांची यादी करायची आणि त्यांच्या आसपास आलेला आजार वगळायचा. उपाय इतका साधा आणि उपयोगी की तो पुढं अनेक ठिकाणी वापरला गेला. पण इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, आपल्याकडं शेवटी. शिवाय मराठीत 'ताप नाही' म्हणजे ताप नाही, आणि 'ताप जात नाही' म्हणजे ताप आहे. 'झोप नाही, भूक नाही, संडास साफ नाही' या तीन नकारांत तीन तक्रारी आहेत. नव्या भाषिक प्रारूपांना, म्हणजे अफाट मजकुरावर शिकलेल्या संगणक प्रणालींना, हे जुन्या यंत्रांपेक्षा बरंच समजतं, हे खरं. तरी कुठं चुकेल याचा भरवसा नाही.

याहून बारीक गोष्ट शंकेची. मराठवाड्यातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत बसा. विष पोटात गेलेला शेतकरी आणला की कागदावर इंग्रजीत जे लिहिलं जातं त्याचा अर्थ असा असतो: 'अज्ञात कीटकनाशक सेवन केल्याचं सांगण्यात येतं'. पुढं 'ओपी पॉयझनिंग', म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा. 'सांगण्यात येतं' हे दोन शब्द डॉक्टर उगाच घालत नाही. फवारताना नाका-तोंडातून गेलं, चुकून बाटली उचलली की जीव द्यायला घेतलं, हे त्याला त्या क्षणी ठरवता येत नसतं आणि ठरवायचा अधिकारही नसतो. आता त्या दोन शब्दांवर काय लटकलेलं असतं ते पाहा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत फवारणीतल्या विषबाधेनं मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख रुपये मिळू शकतात, आत्महत्या असेल तर त्या योजनेतून नाही. आत्महत्येची मदत वेगळी, एक लाखाची, आणि ती 'पात्र-अपात्र' ठरवणाऱ्या समितीतून जाते. संगणकानं 'सांगण्यात येतं' गाळून 'विष घेतलं' एवढंच पुढं पाठवलं, तर विधवेच्या कागदावर कुणीही न दिलेला निकाल चिकटतो. मग तिनं कुठल्या टेबलावर जाऊन भांडायचं? मूळ ओळ सोबत असेल तर निदान तिला बोट ठेवून दाखवता येईल.

ही यंत्रं शिकलेली कुठं आहेत, हाही प्रश्न विचारला पाहिजे. संशोधकांना खुला असलेला डॉक्टरी नोंदींचा सगळ्यात नावाजलेला साठा बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातला आहे. २००१ ते २०१२ या काळातल्या चाळीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत आहेत. हजारो शोधनिबंध त्यावर उभे आहेत आणि तो खुला केला हे मोठंच काम आहे. पण बोस्टनच्या त्या वॉर्डात घोणस चावलेला सालगडी आलेला नसणार, आणि 'साप दिसला नाही, गवतात काहीतरी चावलं' असं कुणी सांगितलेलं नसणार. शब्दांचा खजिना आपला आपल्यालाच जमवावा लागतो. अमेरिकेनं वैद्यकीय शब्दांचा एकत्र कोश करायला १९८६ मध्ये सुरुवात केली आणि अजून ते काम चालूच आहे. आपल्या भागाला तर याची आठवण असायला हवी. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं तेव्हा वैद्यकासकट सगळं उर्दूत शिकवायचं म्हणून भाषांतराचं वेगळं खातं उभं केलं गेलं आणि शब्द घडवले गेले. 'वारं जाणं', 'कसनुसं होणं', 'पिशवी काढणं' यांचा नीट कोश करायचा तर त्यासाठी हैदराबादेएवढी तिजोरीही लागत नाही. जुन्या सिस्टर, आशाताई आणि दोन-चार तालुक्यांतले डॉक्टर सहा महिने एकत्र बसले तरी पाया पडेल.

सगळ्यात गंभीर आरोप, यंत्र मनानं काही घालतं, हा आहे. तो खरा आहे. आवाज ऐकून लिहून काढणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्रानं कुणी न उच्चारलेली वाक्यं मजकुरात घातल्याचं अमेरिकी संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं, आणि अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत ते जास्त घडत होतं. आपल्या ओपीडीतली म्हातारी माणसं थांबत थांबतच बोलतात. पण या दुखण्यावर उपाय काय, हे आपल्याच पैठणात चारशे वर्षांपूर्वी सांगून झालेलं आहे. हातोहात नकला होताना ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ती शुद्ध केली. शेवटी त्यांनी बजावलं की यापुढं जो कुणी यात आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. ज्या माणसानं स्वतः हजारो ओव्या रचल्या त्यानं या ग्रंथात मात्र आपलं काही घातलं नाही. शोधणाऱ्याचं काम शोधण्याचं, रचणाऱ्याचं रचण्याचं, ही सीमा नाथांना ठाऊक होती. केस पेपर वाचणाऱ्या यंत्राकडून मी एवढंच मागतो. त्यानं कागदावरचे शब्द दाखवावेत, त्यावर खूण करावी, 'हे मला मधुमेहाबद्दल वाटतं' असं म्हणावं. कागदात नसलेली ओवी नको. आणि ही तपासता येण्यासारखी मागणी आहे: काढलेली गोष्ट मूळ पानावर दाखवता येत नसेल तर ती नोंदीत जाणार नाही, असा नियम सॉफ्टवेअरात घालता येतो.

कागदच खोटे असतील तर? न तपासता 'एनएडी', काही दोष आढळला नाही, असं लिहिलेलं असतं. विम्याच्या किंवा शासकीय योजनेच्या पॅकेजात बसावं म्हणून निदान वळवलेलं असतं. मी हे पाहिलेलं आहे, नाकारत नाही. पण जॉन ग्रांट या लंडनच्या दुकानदारानं १६६२ मध्ये मृत्यूंच्या यादीवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याच्यापुढं याहून घाण माल होता. मृत्यूचं कारण ठरवायला वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका जायच्या, आणि बियरचा पेला व दुप्पट पैसे मिळाले की गरमीनं, म्हणजे सिफिलिस या गुप्तरोगानं, मेलेल्याचं कारण दुसरं काही नोंदवायच्या. ग्रांटनं यादी फेकून दिली नाही. गरमीचे मृत्यू फक्त दोनच वस्त्यांतून नोंदले गेलेत हे त्यानं हेरलं, आणि बाकी सगळीकडं ते लपवले जात असणार असं अनुमान काढलं. खोट्याचीही एक लकब असते. एकाच दवाखान्यातून एकाच वाक्यात, स्वल्पविरामासकट, दोनशे ऑपरेशनांची कारणं लिहिलेली असतील तर ते संगणकाला एका दुपारी दिसेल. मात्र त्याला वाक्य दिसलं पाहिजे. नुसता कोड नंबर हाती आला तर ही लकब दिसणार नाही.

गुप्ततेचा मुद्दा मी शेवटाकडं घेतो आहे तो टाळायचा म्हणून नव्हे. त्याचं उत्तर माझ्याकडं अर्धंच आहे. नाव काढून टाकलं म्हणजे माणूस लपला, हा समज १९९० च्या दशकातच खोटा ठरला. मॅसॅच्युसेट्स राज्यानं नावं काढून दिलेल्या रुग्णालयाच्या नोंदी आणि वीस डॉलरची मतदार यादी जुळवून लतान्या स्वीनी या विद्यार्थिनीनं खुद्द गव्हर्नरची नोंद शोधून काढली होती. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढं तिला पुरलं. आपल्या गावात तर तेवढंही लागत नाही. 'वय ३४, विधवा, अंगणवाडीत काम, एआरटी चालू', म्हणजे एचआयव्हीची औषधं चालू, एवढं वाचलं की अख्खं गाव नाव सांगेल. त्यात आपली लिपी. इंग्रजीत नाव मोठ्या अक्षरानं सुरू होतं, यंत्राला तो एक आधार असतो. देवनागरीत तो नाही. 'आशानं रुग्णाला आणलं' यातली आशा म्हणजे गावातली आशाताई की त्या नावाची शेजारीण? निम्मी आडनावं तर गावांचीच. नावं गाळायचं काम इंग्रजीपेक्षा आपल्याकडं जास्त कठीण आहे, आणि ते झालंय असं सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की मजकूर रुग्णालयाच्या बाहेर जाऊच नये. यंत्र कागदाकडं यावं, कागद यंत्राकडं जाऊ नये. बाहेर जायचे ते फक्त आकडे, तेही मोठ्या गटांचे. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा संमतीची भाषा करतो. पण कळा सोसणाऱ्या बाईकडून दाखल करताना घेतलेला अंगठा ही संमती नव्हे. इतकं करूनही धोका उरतो, हे मान्य. मात्र 'धोका आहे म्हणून कागद कपाटात राहू द्या' म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की आज तेच रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पुतण्याला, त्याच्या मित्राला, ओळखीच्या मेडिकलवाल्याला जातात. गुप्तता आजही राखली जात नाही, आणि कागद वाचून होणारा फायदाही मिळत नाही.

मूळ ओळ सोबत ठेवणं खर्चिक आहे, वेग कमी होतो, असं सॉफ्टवेअरवाले त्या चर्चेत सांगत होते. त्यांना मी २०२३ च्या हिवाळ्याची आठवण करून दिली. आरक्षणाच्या वादात कुणाची बाजू कोणतीही असो, कुणबी नोंदींचा शोध मराठवाड्यातल्या प्रत्येक घरानं पाहिला. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीसाठी पहिल्या टप्प्यात १ कोटी ७२ लाख कागद तपासले गेले आणि ११,५३० नोंदी सापडल्या. मोडी वाचणारे शोधले, उर्दू वाचणारे शोधले. त्या वेळी तहसीलच्या आवारात उभ्या असलेल्या माणसाला 'तुमची नोंद आहे' एवढं तोंडी सांगून भागत नव्हतं. त्याला पान हवं होतं. कुठल्या गावाचं रजिस्टर, कुठलं साल, कुठली ओळ, आणि त्या ओळीचा फोटो. एकेका ओळीवर पिढीचं भवितव्य अवलंबून असतं हे इथल्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. जातीच्या नोंदीसाठी मूळ पान मागणारा माणूस शरीराच्या नोंदीसाठी का मागणार नाही? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमानुसार रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. त्या हक्कात एवढीच भर हवी की संगणकानं त्याच्याबद्दल जे काढलं तेही त्याला मूळ ओळीसकट मिळावं, आणि चूक असेल तर दुरुस्त करून घेता यावं.

सुरुवात कुठून करायची, हेही मी सांगितलं. सर्पदंशाच्या कागदांपासून करा. त्यात लपवण्यासारखं कमी असतं आणि लिहिलेलं भरपूर. किती वाजता चावला, कुठं, रानात की झोपेत, आधी कुणाकडं नेलं, मांत्रिकाकडं की देवळात, किती तासांनी दवाखान्यात आला, वीस मिनिटांत रक्त गोठलं का, प्रतिविषाच्या किती बाटल्या लागल्या, पुढं कुठं पाठवलं आणि का. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये आराखडा जाहीर करून सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलेलं आहे. कुठल्या तालुक्यात माणसं कुठल्या टप्प्यावर दगावतात हे कळल्याशिवाय प्रतिविष कुठं ठेवायचं, गाडी कुठं उभी करायची हे कसं ठरणार? आठ जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांत ही उत्तरं सिस्टरांच्या आणि हाऊसमनच्या अक्षरात लिहून ठेवलेली आहेत. वैद्यक परिषदेच्या त्याच नियमानुसार इनडोअर पेपर तीन वर्षं जपायचं बंधन आहे, त्यानंतर ते रद्दीत काढता येतात. पेरण्या जूनमध्ये सुरू होतील तेव्हा तीन पावसाळ्यांपूर्वीचे गठ्ठे बांधून बाहेर निघालेले असतील.